बिनपंख्याचा कॉम्प्युटर

४ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करायचा तर इथं खोल्या दोनच, आणि मधली भिंत अशी की इकडे शिंकलं तर तिकडून विचारतात, सर्दी झाली का. म्हणून लिहितेय. शुद्धलेखनावर जाऊ नकोस. सातवीच्या पुढे शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही फार आग्रह केला नाही.

दादा, मला तुझ्या दुकानातून आवाज न करणारा कॉम्प्युटर पाहिजे. झालं हसून? मग ऐक.

सासरे दुपारचं जेवण झालं की टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर लावतात आणि अंधार पडेपर्यंत जुने सिनेमे बघतात. सासूबाईंना सिनेमाची मारामारी चालत नाही, म्हणून ते कानाला हेडफोन लावतात. त्यामुळे सिनेमा त्यांना एकट्याला ऐकू येतो आणि कॉम्प्युटरचा पंखा आम्हा सगळ्यांना. पंखा कसला, पिठाची गिरणीच. एकदा मी म्हटलं, बाबा, आवाज फार होतो ना याचा. हेडफोन न काढताच म्हणाले, कसला आवाज?

पाळणा त्याच खोलीत आहे, कारण आतल्या खोलीत वारं येतं. आणि त्या घरघरीत मला बाळाचा श्वास ऐकू येत नाही. हे सगळं पत्र या एका वाक्यासाठी आहे बघ.

तुला माहीतच आहे, तो महिनाभर आधी आला, काचेच्या पेटीत राहिला. घरी सोडताना नर्सबाई म्हणाल्या होत्या, याला गरम ठेवा. आता आठवा महिना लागला, पण टोपी, मोजे, दोन दुपटी आणि वरून ब्लँकेट, यात मी एक दिवस कसूर केलेली नाही. तरी त्याला धाप लागते रे. पाळण्यात निजला की कुत्र्याच्या पिल्लासारखा भराभरा श्वास घेतो. मला वाटतं, एवढा दमतोय तर मध्येच थांबला म्हणजे? आणि डॉक्टरांकडे नेलं की लबाड नाटक करतो. ते त्याचे सगळे कपडे काढून तपासतात, की याचा श्वास एकदम शहाण्यासारखा. घरी आणून गुंडाळलं की पुन्हा धाप. डॉक्टर म्हणतात बाळ उत्तम आहे, वजन छान आहे, तुम्ही जरा झोपत जा. मी झोपले आणि तेवढ्यात काही झालं तर डॉक्टर येणारेत का बघायला?

बाबांना सिनेमा बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही. भाजी निवडून देतात, बाळाचे कपडे वाळत घालतात, कधी कशाला नाव ठेवत नाहीत. त्यांची एवढी एक मजा मी काढून घेऊ? हे ट्रक घेऊन गेलेत, आले की दोन दिवस नुसते झोपतात. मग मी कोणाला सांगणार, तुलाच.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, आणि उत्तर लवकर दे.

तुझी धाकटी


१० मार्च

चि. सौ. भागूबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. मी हसलो, ती हसली नाही, आणि वर मलाच बोलली. तेव्हा तू मागितलेली वस्तू मिळणार.

आमच्या दुकानात मेलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग आहे, त्यातले अवयव काढून तुझा बनवतोय. एका लॅपटॉपवर कोणीतरी बसलं होतं, त्याची स्क्रीन गेली पण आतला बोर्ड टुणटुणीत आहे. दुसऱ्यातून मेमरी काढली. डिस्क अशी टाकतोय की तिच्यात काही फिरतच नाही, त्यामुळे किर्रकिर्र नाही. करंटचा चार्जर बाहेरच राहील. आणि या सगळ्याला घर म्हणून एका जुन्या डीव्हीडी प्लेअरचा पत्र्याचा डबा सापडलाय. टीव्हीखाली बसेल आणि कोणाला कळणारही नाही.

पंखा मुळीच नाही. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा मोठा ठोकळा आहे, पात्या-पात्यांचा. आतली गरमी तो अंगावर घेतो आणि हळूहळू हवेत सोडतो. अगदी आपल्या वडिलांसारखा, ऐकून घेतो आणि गप्प बसतो.

पूर्ण जोडून, चालवून बघून पाठवतो. तुला फक्त वायर खुपसायची आहे. मिक्सर लावला की कॉटखाली जाऊन बसायचीस तू, म्हणून एवढी काळजी.

भाचेसाहेबांना मामाकडून एक गालगुच्चा. आशीर्वाद भरपूर आहेत, जपून वापरायची गरज नाही.

तुझा दादा


१९ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल आलं. पोस्टमनच्या हातातच खुळखुळत होतं. उघडलं तर तुझा तो ठोकळा सुटून डब्यात मोकळा फिरत होता आणि एक मेमरी का काय ती पट्टी कोपऱ्यात निवांत पडली होती. फायदा झाला तो बाळाचा. डबा हलवला की खुदकन हसतो. एवढा मोठा खुळखुळा दुसऱ्या कोणाच्या मामानं पाठवला नसेल.

बाबा फार हळहळले. त्यांनी जुन्या कॉम्प्युटरला हात जोडून, तू आहेस म्हणून चाललंय असं म्हटलं आणि गिरणी चालू केली. काल बाळ निजला असताना मी पाळण्यावर वाकून कान अगदी त्याच्या नाकाशी नेला, तरी घरघरीशिवाय काही ऐकू येईना. मग हलवून उठवला, जिवंत आहे ना बघायला. दुपारभर रडला. आता हा डबा परत पाठवू की काय करू?

धीर देणारं काहीतरी लिही, थट्टा जरा कमी कर.

तुझी धाकटी


२५ मार्च

चि. सौ. भागूबाईस,
अ. उ. आ.

परत पाठवू नकोस, येताना पुन्हा तेच होईल. ठोकळा जड आहे आणि पार्सलवाले डबा फेकतात, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. आता तूच जोड. किंचाळू नकोस. चार्जर लावलेला नसेल तर त्यात शॉक बसण्यासारखं काही नाही, माझी शप्पथ.

आधी हात नळाला लाव, म्हणजे अंगातली वीज निघून जाते, नाहीतर बोर्डाला बाधते. बोर्डावर मधोमध एक चकचकीत चौकोन दिसेल, तो कापसानं पूस. सोबत गरमी ठोकळ्यात पोचवणाऱ्या पेस्टची नळी पाठवलीय, ती त्या चौकोनावर तांदळाच्या दाण्याएवढी लाव. जास्त नको. मग ठोकळा वर ठेव आणि चार स्क्रू पीळ, एकदम एकच घट्ट करू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे पिळत जा. पट्टी तिच्या खाचेत बसली की टक् असं वाजेल. त्यानंतर चार्जर.

हे दुकानात मी शिकाऊ मुलांना सांगतो आणि ती चुकतात. तू चुकणार नाहीस, कारण तू घाबरट आहेस. आमच्या धंद्यात घाबरट माणूस सोन्याचा.

बाळाची गाठ घालून दे एकदा. बाकी आशीर्वाद पार्सलमध्ये भरलेत, ते तरी फुटले नसतील.

तुझा दादा


२ एप्रिल

ति. दादास,
सा. न. वि. वि.

जोडला! मी! सासूबाई म्हणतात, आता दारावर पाटी लावू.

तांदळाचा दाणा लिहिलास, पण कच्चा की शिजलेला हे लिहिलं नाहीस. सासूबाई म्हणाल्या, शिजलेला असणार, पेस्ट आहे ना. मी म्हटलं कच्चा, कारण आमचा दादा कंजूष आहे. शेवटी कच्च्यापेक्षा मोठा, शिजलेल्यापेक्षा लहान असा लावला. नळाला इतक्या वेळा हात लावला की बाबांनी विचारलं, पाणी येत नाहीये का. चार्जरचं बटण मात्र मी लाटण्यानं दाबलं, पायात रबरी चपला घालून.

आणि काहीच झालं नाही. एवढंसुद्धा वाजलं नाही. मी म्हटलं गेला, मारला मी त्याला. तेवढ्यात टीव्हीवर चित्र आलं. बाबांनी डब्याला कान लावला, पाठीवर थोपटलं, आणि जुना कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांना बोलावून त्यांना डब्याचा आवाज न येणं ऐकवलं. तिघं अर्धा तास गप्प बसले होते.

आता खरं सांगते. खोली अशी शांत झालीय की मला सगळं ऐकू येतं. आणि बाळाचा श्वास माझ्या वाटण्यापेक्षाही भराभर चाललाय रे. आधी नुसता दिसायचा, आता ऐकू येतो. पाळण्याजवळून हलवत नाही मला. जेवते ते उभ्यानं, पाळण्याच्या दांडीला टेकून. त्याला आतून थंडी भरली असेल म्हणून कालपासून आणखी एक शाल घालतेय. सासूबाई काहीतरी बोलायला आल्या, मी म्हटलं, महिनाभर पेटीत कोणाचं बाळ होतं, तुमचं की माझं? गेल्या आत.

डब्यालाही मी मधून मधून हात लावून बघते, चालू आहे ना. आता घरात न वाजणारं काही दिसलं की मला घोर लागायला लागलाय.

वहिनीला नमस्कार. तुझी मेहनत वाया गेली नाही, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. आठवण काढत जा.

तुझी धाकटी


६ एप्रिल

चि. दादा यांस,
आशीर्वाद.

सूनबाई तुम्हाला दादा म्हणते म्हणून मीही तेच म्हणते. ती बाळाचे लंगोट धुवायला बसलीय तेवढ्यात लिहिते आहे. हे पत्र तिला कळू देऊ नका.

पोर गुणाची आहे, पण झोपत नाही, बसून जेवत नाही. डोळे खोल गेलेत. आणि नातवाचं तर काय सांगू. एवढा उन्हाळा, खिडकी बंद, आणि त्याचं नुसतं बोचकं करून ठेवलंय. मानेवर, पाठीवर घामोळं उठलंय, टोपी काढली की केस ओले. मी चार मुलं वाढवली, पण मी बोलले की तिला वाटतं म्हातारी माझ्या लेकराच्या वाईटावर आहे. यांना बोला म्हटलं तर हे हेडफोन घालतात. मुलगा ट्रकवर. तुमचं ती ऐकते. तुम्ही लिहिलंत म्हणून तिनं कॉम्प्युटर जोडला, तर टोपीसुद्धा काढेल.

तुमचा डबा फार छान चालला आहे. उघडा राहिला तर धूळ बसेल म्हणून मी त्याला पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं आहे, आत जुन्या गोधडीचं अस्तर आणि चारी बाजूंनी झालर. आमच्या मिक्सरलाही आहे. अगदी घट्ट बसलं आहे. कालच घातलं.

घरच्यांना आशीर्वाद सांगा. वडीलकीच्या नात्यानं लिहिलं, राग नसावा.

बाळाची आजी


८ एप्रिल

ति. दादास,
सा. न. वि. वि.

घात झाला. तुझा डबा सिनेमा अर्ध्यावर आला की आपोआप बंद पडतो. परवापासून रोज. हात लावला तर तव्यासारखा तापलेला. थोड्या वेळानं पुन्हा चालू होतो, पुन्हा तापतो, पुन्हा बंद.

मी पेस्ट चुकवली ना? कच्चाच दाणा लावायला हवा होता. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत, पण काल त्यांनी सिनेमाचा शेवट काय असेल ते मलाच विचारलं. आणि आज माळ्याकडे बघत होते. दादा, ती गिरणी पुन्हा खाली आली तर मी काय करू? बाळाची धाप कमी नाही, आता अंगावर पुरळही आलंय, त्यावर मी पावडर लावून जाड कपडा घालते. श्वास ऐकू येतोय एवढाच आधार आहे, तोही जाईल.

चूक कुठं झाली ते लगेच कळव. माझ्यावर चिडलास तरी चालेल.

तुझी धाकटी


१३ एप्रिल

चि. सौ. भागूबाईस,
अ. उ. आ.

तुझी पेस्ट बरोबर आहे. तुझे स्क्रूही बरोबर आहेत. डब्यावरचं झालरीचं कव्हर काढ.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, शिवण सुरेख असणार, पण हा मिक्सर नाही. याला पंखा नाही. जी गरमी होते ती याच्या अंगावाटेच बाहेर पडते, दुसरा रस्ताच नाही. वरून गुंडाळलं की तो आतल्या आत उकडतो, धापा टाकतो, आणि शेवटी बिचारा बंद पडतो. धूळ बसली तर बसू दे, पुसता येते. उघडा ठेवा, आजूबाजूला हवा खेळू द्या, काही होत नाही त्याला.

आणखीही काही लिहायचं होतं, दोन कागद फाडले. ज्याला मूल नाही त्या माणसानं काही गोष्टी लिहू नयेत असं तुझी वहिनी म्हणते, आणि मागच्या वेळी मी बाळाच्या तेलाबद्दल बोललो तेव्हा तू सणासुदीलासुद्धा फोन केला नव्हतास. म्हणून डब्यापुरतंच लिहितो. तू शहाणी आहेस.

बाकीचं न लिहिलेलं वाचून घे. आशीर्वाद त्यातच आहेत.

तुझा दादा


१७ एप्रिल

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे सांग, कव्हर घातलंय हे तुला कळलं कसं? मी तर लिहिलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, हुशार आहेत तुझे दादा, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तुम्ही दोघांनी मिळून कट केलाय एवढं मला समजलंय. नाही म्हणू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपार होती. बाबांचा सिनेमा चालू, बाळ पाळण्यात, सासूबाई डब्याशेजारी बसून कव्हराची झालर सारखी करत होत्या. मला तर आनंदच झाला. इतके दिवस चूक माझी म्हणून मी मान खाली घालून फिरत होते, आणि निघाली त्यांची! मी मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. शिवण सुरेख असणार हे पटकन वाचलं, बाकीचं सावकाश. गरमी अंगावाटेच बाहेर पडते, वरून गुंडाळलं की आतल्या आत उकडतो, धापा टाकतो, हे तर दोनदा वाचलं. वर म्हटलंसुद्धा, बघा, एवढी माया बरी नव्हे.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. कव्हर काढलं, नीट घडी घातली, काखेत मारली. मला वाटलं आता रडतील नाहीतर भांडतील. त्या सरळ पाळण्याशी गेल्या. टोपी काढली. मोजे काढले. शाल, ब्लँकेट, दुपटी, एकेक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, याला तरी कुठं पंखा बसवून आणलायस तू?

दादा, मला असा राग आला की मी ब्लँकेट घेऊन पुढे झाले. त्यांनी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना, मधे ब्लँकेट ताणलेलं, आणि खाली बाळ पाय झाडत हसतोय. एवढे पाय झाडताना मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. कुठून पाहणार. त्याचं एक पाऊल माझ्या हाताला लागलं, ते गरम होतं. उघडं, आणि तरी गरम. मी माझं टोक सोडलं.

याचा अर्थ त्या बरोबर होत्या असं मी म्हटलेलं नाही. त्या दिवशी हवाही जरा बरी होती. खिडकी मीच उघडली, स्वतःहून.

पण पुढचं ऐक. तो तसाच, झबल्यावर, निजला. मी शेजारी बसले आणि कान दिला. काही नाही. डबा गप्प, पंखा नाही, रस्त्यावर कोणी नाही, आणि बाळाचा श्वासही नाही. मी ओरडले असणार, कारण बाबांनी सिनेमा चालू असताना हेडफोन काढला, जे मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही. मी म्हटलं, ऐकू येत नाही हो, बाबा, याचा श्वास ऐकू येत नाही. ते उठून आले, त्याच्या पोटाकडे बघायला सांगितलं. पोट हलत होतं, वर खाली, अगदी सावकाश, आरामात. घाई कसली म्हणून नाही.

बाबा म्हणाले, मी जन्मभर पाण्याच्या पंपावर नोकरी केली. आवाज यायला लागला की धावायचो. आवाज नसला की जेवायला बसायचो. तुझं जेवण झालंय का?

नव्हतं झालं. सासूबाईंनी ताट वाढून आणलं, पाळण्यापासून चार हात लांब ठेवलं, मुद्दाम. मी बसले. डॉक्टरांचं, तुझं, सासूबाईंचं, सगळ्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात एकदम बोलत होतं आणि खोलीत मात्र काहीच वाजत नव्हतं. दोनदा उठले मध्ये. उजवा हात खरकटा होता म्हणून डाव्या हाताचं बोट त्याच्या नाकाखाली धरून आले. दोन्ही वेळा बोटाला वारं लागलं.

तिसऱ्यांदा उठले नाही. ताट संपवलं.

वहिनीला नमस्कार, आणि तिला म्हणावं, ते फाडलेले दोन कागद पाठवून दे. माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी